खरी प्रत कोणती?

घरात एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप असला, की काही महिन्यांतच दोन्हींवर एकाच कामाच्या निरनिराळ्या प्रती साठू लागतात. ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘अंतिम नवीन’ अशा नावांच्या फायली शेजारीशेजारी पडून असतात आणि छापायला पाठवायची नेमकी कोणती हे ठरवायला प्रत्येक फाईल उघडून ओळ न ओळ ताडून पाहावी लागते. पेन ड्राइव्ह मध्ये आणला तर तिसरी प्रत तयार होते आणि गुंता वाढतो. या अडचणीवर 1996 पासून एक विनामूल्य साधन उपलब्ध आहे. त्याचे नाव आरसिंक. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचे, एवढाच त्याचा व्यवहार. ज्यांना आपल्या लेखनाची, हिशेबांची, कुटुंबाच्या छायाचित्रांची काळजी आहे, त्यांनी दोन संगणकांवरच्या फायली सारख्या ठेवण्याचे काम अशाच साधनाकडे द्यावे असे माझे म्हणणे आहे. वेग आणि पैशाची बचत ही कारणे आहेतच, पण मुख्य कारण वेगळे आहे. दोन प्रतींत फरक पडला, तर प्रमाण कोणती मानायची हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो, आणि आरसिंक तो निर्णय आपल्याकडून आधी वदवून घेते.

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते पुरे व्हायला 1966 उजाडले. अनेक प्रती समोर ठेवायच्या आणि ओळीओळीला कोणती मानायची याचा विचार करायचा, असे ते काम. हस्तलिखितात चूक शिरे ती नकलणाऱ्याच्या हातून. संगणक नक्कल अगदी हुबेहूब करतो. मात्र चुकीची प्रतही तो तितक्याच हुबेहूबपणे नकलतो. दोन फायलींचा आकार सारखा आहे का, त्यांत शेवटचा बदल कधी झाला, आतला मजकूर जसाच्या तसा आहे का, एवढे तो सांगू शकतो. काल रात्री घाईत खोडलेला परिच्छेद हवा होता की नको होता, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही. नवी तारीख म्हणजे योग्य प्रत असे गृहीत धरणारी साधने इथेच फसतात. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग आज केलेली दुरुस्ती तारखेने जुनी ठरते.

आरसिंकच्या कमांडमध्ये दोन पत्ते लिहावे लागतात, आधी मूळ फोल्डरचा आणि नंतर ज्या फोल्डरमध्ये प्रत ठेवायची त्याचा. हा क्रम म्हणजेच निर्णय. पहिली बाजू प्रमाण, दुसरी तिच्याप्रमाणे होणार. कमांड चालली की दोन्हीकडच्या फायलींची नावे, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांची तुलना होते. आकार आणि वेळ जुळली तर ती फाईल उघडलीसुद्धा जात नाही. त्यामुळे वीस हजार छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये बारा नवी पडली असतील, तर बाराच पाठवली जातात. केवळ आकार आणि वेळेवर भरवसा ठेवायचा नसेल तर प्रत्येक फाईल आतून तपासण्याचा पर्यायही आहे. त्याला वेळ लागतो, पण वर्षातून एकदोनदा तो खर्च करावा. आणखी एक सोय आपल्याकडे विशेष मोलाची आहे. नवी फाईल येत असताना ती तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण उतरल्यावरच जुनीची जागा घेते. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाईल जुन्या फाईलवर चढलेली नसते. वीज आल्यावर तीच कमांड पुन्हा द्यायची, आधी पोचलेल्या फायली ती वगळते.

आरसिंकची खरी करामत मात्र बदललेल्या फायलीच्या बाबतीत दिसते. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी जून 1996 मध्ये ती मांडली. ट्रिजेल हे विंडोज आणि युनिक्स संगणकांत फायलींची देवाणघेवाण शक्य करणाऱ्या ‘सांबा’ या प्रणालीचेही मूळ कर्ते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: एका मोठ्या फायलीची जुनी प्रत तुमच्याकडे आहे, नवी माझ्याकडे, आणि मधली तार अतिशय संथ. दोन्ही प्रती एका ठिकाणी असत्या तर फरक काढणे सोपे होते. पण एक पूर्ण पाठवल्याशिवाय त्या एकत्र येणार नाहीत, आणि पूर्णच पाठवायची तर फरक काढून उपयोग काय? यावर त्यांनी काढलेला मार्ग असा. जुनी प्रत असलेला संगणक तिचे सारख्या आकाराचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी गणिती खूण काढून फक्त खुणा पाठवतो. नवी प्रत असलेला संगणक आपल्या फायलीत त्या खुणांचे तुकडे शोधतो. जो सापडला त्याचा फक्त क्रमांक कळवायचा. जो मजकूर कुठेच जुळला नाही तेवढाच प्रत्यक्ष पाठवायचा.

यात एक अडचण दडलेली आहे. कादंबरीच्या पहिल्याच पानावर एक स्वल्पविराम वाढला, तर पुढचे प्रत्येक अक्षर पुढे सरकते. नव्या फायलीचेही जुन्यासारखेच ठरावीक अंतरावर तुकडे पाडले तर एकही तुकडा जुळणार नाही. म्हणून नव्या फायलीत प्रत्येक बाइटपासून सुरू होणारा तुकडा तपासावा लागतो. दहा कोटी बाइटची फाईल असेल तर जवळपास दहा कोटी वेळा. दरवेळी पूर्ण तुकड्याची खूण नव्याने काढली तर काम कधी संपायचेच नाही. त्यांनी खूणच अशी निवडली, की एक घर पुढे सरकताना आधीचे उत्तर वापरता यावे. सोप्या आकड्यांत पाहू. 4, 7, 2, 9 यांची बेरीज 22. पुढचा आकडा 5 असेल आणि चौकट एक घर पुढे न्यायची असेल, तर चारही आकडे पुन्हा मिळवायची गरज नाही: 22 मधून मागे पडलेला 4 वजा केला, पुढे आलेला 5 मिळवला, उत्तर 23. प्रत्यक्षातली खूण या बेरजेपेक्षा थोडी गुंतागुंतीची आहे, कारण 4, 7 आणि 7, 4 यांतला क्रमाचा फरकही तिला ओळखावा लागतो. पण सरकण्याची युक्ती हीच. ही खूण झटपट निघते, तशी ती कच्चीही असते. दोन वेगळ्या तुकड्यांची खूण कधी चुकून सारखी येऊ शकते. म्हणून ती जुळली तरच दुसरी, 128 बिटांची पक्की खूण तपासली जाते. शेवटी पूर्ण फायलीची एक खूण दोन्हीकडे काढून ताडली जाते. ती जुळली नाही तर ती फाईल पुन्हा पाठवली जाते. ही तीन पदरी तपासणी पाहिली, की या साधनाचे कर्ते बचतीइतकाच अचूकपणाचा विचार करत होते हे लक्षात येते.

बचत किती, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. दहा कोटी बाइटची, म्हणजे शंभर एमबीची फाईल घ्या आणि तिचे दहा हजार बाइटचे दहा हजार तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही खुणा मिळून जास्तीत जास्त वीस बाइट होतात, म्हणजे सगळ्या खुणा दोन लाख बाइट. एकाच ठिकाणी ओळ बदलली असेल तर वर दहाएक हजार बाइटचा मजकूर. त्या काळच्या 28.8 केबीपीएस मोडेमवरून पूर्ण फाईल पाठवायला जवळपास पावणेआठ तास लागले असते. एवढ्या मजकुराला एक मिनिट पुरते. आज घरच्या वायफायवर शंभर एमबी हा प्रश्नच राहिलेला नाही, आणि सगळ्या प्रकारच्या फायलींना ही बचत मिळतही नाही हे कबूल केले पाहिजे. वर्डची आजची फाईल आतून झिप केलेली असते. एक शब्द बदलला तरी तिचा बराच भाग नव्याने दाबला जातो आणि जुन्या तुकड्यांशी जुळत नाही. म्हणून माझा युक्तिवाद या बचतीवर उभा नाही. ती सविस्तर सांगितली ती एवढ्यासाठी, की आपला सगळा ठेवा ज्याच्या हवाली करायचा ते साधन आत काय करते हे साध्या बेरजेवजाबाकीच्या आधारे समजून घेता येते. डेबियन लिनक्सच्या जगभरातल्या प्रती आणि प्रथिनांच्या रचनांचा संग्रह असलेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या प्रती आरसिंकने ताज्या ठेवल्या जातात.

आता पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे काम आपोआप करत असताना कमांड शिकायची कशाला? या सेवांचा फायदा खरा आहे. घराला आग लागली, लॅपटॉप चोरीला गेला, तरी दूरची प्रत शाबूत राहते. फोनवरही फायली दिसतात. चुकून खोडलेली फाईल कचरापेटीतून काही दिवस परत मिळते. पण त्यांची मूळ वागणूक अशी, की दोन्ही बाजू समान मानायच्या आणि कुठेही झालेला बदल सगळीकडे पोचवायचा. घरातल्या एखाद्याने जागा मोकळी करायला लॅपटॉपवरचा फोल्डर खोडला, की तो डेस्कटॉपवरूनही जातो, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीची तीस दिवसांची मुदत संपलेली असू शकते. नोव्हेंबर 2023 मध्ये गुगलच्या संगणकावरील ड्राइव्ह अॅपच्या एका आवृत्तीत काही वापरकर्त्यांच्या फायली दिसेनाशा झाल्या होत्या आणि कंपनीने तो दोष मान्य केला होता. अशा वेळी सिंक कुठे अडले, काय राहिले, हे पाहायला सामान्य माणसाकडे काही साधन नसते. शिवाय गुगलच्या मोफत जागेची मर्यादा 15 जीबी. लग्नाच्या चित्रीकरणाचा एक फोल्डर ती संपवू शकतो. क्लाउड सोडून द्या असे मी म्हणत नाही. दूरची प्रत तिथे असू द्या. पण घरातल्या दोन यंत्रांमध्ये प्रमाण प्रत कोणती, हे ठरवणे तिच्यावर सोडू नका.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि ती भीती निराधार नाही. काळ्या खिडकीत एक चूक झाली की सगळे गेले, असे लोक म्हणतात. आरसिंकमध्ये ‘डिलीट’ नावाचा पर्याय आहे. मूळ बाजूला नसलेली प्रत्येक फाईल तो दुसऱ्या बाजूवरून काढून टाकतो. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर आठवड्याभराचे नवे काम जुन्या प्रतीखाली गाडले जाईल. मूळ फोल्डरच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दिला तर ‘फोल्डरमधले सामान’ असा अर्थ होतो आणि न दिला तर ‘फोल्डरसकट’. ‘डिलीट’ सोबत असताना एवढ्या एका चिन्हाने शेजारचे भलतेच फोल्डर नाहीसे होऊ शकतात. बाहेरची डिस्क जोडायची राहिली आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर असला, तर मूळ रिकामे आहे असे समजून दुसरी बाजूही रिकामी केली जाईल. मोठ्या संस्थाही अशा घातातून सुटलेल्या नाहीत. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये महासंगणकाच्या बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली, चालू असतानाच बदलली गेली आणि जुने लॉग खोडण्याऐवजी तिने सुमारे 77 टेराबाइटच्या, 3 कोटी 40 लाखांच्या आसपास फायली खोडल्या. चौदा संशोधनगटांना त्याचा फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळू शकला नाही. तिथे आरसिंक नव्हते. पण धोका याच जातीचा होता.

तरीही या उदाहरणातून मला कमांडविरुद्धचा पुरावा दिसत नाही. क्योतोत घात झाला तो माणसाची नजर नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टमुळे. आरसिंकमध्ये ‘एन’ नावाचा पर्याय आहे, त्याला तालीम म्हणता येईल. तो लावला, आणि सोबत तपशील दाखवणारा ‘व्ही’ दिला, की कमांड काहीही न बदलता कोणत्या फायली जातील, कोणत्या खोडल्या जातील यांची यादी समोर ठेवते. पत्ते उलटे पडले असतील तर ती यादी वाचताक्षणी कळते. दोन बाजू एक करण्याआधी मालकासमोर असा जाहीरनामा ठेवणारे सिंकचे अॅप सहसा आढळत नाही. खोडायच्या फायलींच्या संख्येवर मर्यादा घालता येते. खोडलेल्या आणि बदललेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवायला सांगता येते. मूळ बाजू वाचताना डिस्कची चूक आढळली, तर खोडण्याचे काम आरसिंक स्वतःहून थांबवते. आणि ‘डिलीट’ मुळात वापरलाच पाहिजे असे नाही. पहिले सहा महिने तो न वापरता काम करावे, दुसऱ्या बाजूला थोड्या जुन्या फायली साठतील इतकेच.

जाणकार माणूस इथे अडवेल आणि म्हणेल, की सारख्या केलेल्या दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. बरोबर आहे. बिघडलेली फाईल पुढच्या सिंकमध्ये चांगल्या प्रतीची जागा घेते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फायलीही तशाच पोचतात. आरसिंकचे ‘लिंक डेस्ट’ हे वैशिष्ट्य त्यासाठीच आहे. दर आठवड्याला तारखेच्या नावाचा नवा फोल्डर तयार करायचा. जी फाईल बदललेली नाही तिची नवी नक्कल होत नाही, डिस्कवरच्या त्याच मजकुराला आणखी एक नाव जोडले जाते. प्रत्येक तारखेचा फोल्डर उघडला तर संपूर्ण दिसतो, जागा मात्र फक्त बदललेल्या फायलींची लागते. न बदललेल्या फायलीचा मजकूर डिस्कवर एकदाच असतो, तेव्हा ती डिस्क खराब झाली तर सगळ्या तारखा एकदम जातील. म्हणून अशी डिस्क एकच ठेवून भागत नाही.

दोन्ही यंत्रांवर आलटूनपालटून लिहिणाऱ्यांची गरज मात्र आरसिंक पुरी करत नाही, आणि इथे त्याची बाजू ओढूनताणून मांडण्यात अर्थ नाही. ते एका दिशेचे साधन आहे. मागच्या वेळी काय स्थिती होती याची नोंद ते ठेवत नाही, त्यामुळे एखादी फाईल इकडे नवी आली की तिकडे खोडली गेली, हे त्याला ओळखता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले ‘युनिसन’ हे साधन अशी नोंद ठेवते. एकाच बाजूला बदल झाला असेल तर तो दुसरीकडे नेते; दोन्हीकडे झाला असेल तर थांबून विचारते. निर्णय माणसाकडे ठेवण्याचे तत्त्व तेच.

मराठीत फायलींना नावे देणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. लिनक्सवर फायलीच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, तीन बाइट घेते. म्हणजे अशी 85 चिन्हे झाली की नाव संपले. विंडोजवर ही मर्यादा चिन्हांत मोजली जाते, म्हणून तिथले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर नाकारले जाऊ शकते. दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. ‘शेतकऱ्यांच्या नोंदी’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी, एचएफएस प्लस ही डिस्करचना तो नेहमी दोन चिन्हांत फोडून ठेवते. डोळ्यांना नाव एकच दिसते, आरसिंकला मात्र दोन वेगळी नावे दिसतात. ‘डिलीट’ लावलेला असेल तर एकाची भर आणि दुसऱ्याची वजाबाकी होत राहते. नावांचे रूपांतर करणारा ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय त्यासाठी आहे. मराठी लिहिणाऱ्या कुटुंबात मॅक आणि लिनक्स दोन्ही असतील तर तो लावावाच.

आपल्याकडे बहुतेक घरांत विंडोज असते आणि तिथे आरसिंक आयते मिळत नाही. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची जी सोय आहे तिच्यातून ते वापरता येते. तेवढा खटाटोप नको असेल तर व्हिस्टापासून विंडोजसोबतच येणारे ‘रोबोकॉपी’ आहे. बदललेल्या फायलीचे तुकडे ते करत नाही, पूर्ण फाईल नेते. पण दिशा आधी सांगावी लागते, आणि ‘एल’ या पर्यायाने तिथेही तालीम घेता येते. आरसिंक वापरणाऱ्यांनी आवृत्ती 3.4.0 किंवा त्यानंतरची घ्यावी. जानेवारी 2025 मध्ये सुरक्षेतल्या गंभीर त्रुटी त्या आवृत्तीत दुरुस्त झाल्या. सुरुवात एका कमी महत्त्वाच्या फोल्डरपासून करा. कमांड आधी तालमीपुरती चालवा, यादी शेवटपर्यंत वाचा, मगच ती खरी चालवा. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर जाऊन तिथल्या चारदोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहा.